गेरूचं परत येणं

गेरू परत आली तेव्हा मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. अण्णांच्या खोलीच्या खिडकीवर आतून टकटक झाली. अण्णांना हाक मारण्याइतका श्वास उरला नव्हता, काही लागलं की ते बोटातल्या अंगठीनं काच वाजवत. मी वळून पाहिलं. ते कॉटवर उठून बसले होते आणि काचेतून खाली बोट दाखवत होते. खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर एक कबूतर बसलं होतं. पिसं फुगवलेली, मान खांद्यात ओढून घेतलेली, डोळे अर्धे मिटलेले. मी हातभर अंतरावर गेले तरी ते उडालं नाही.

त्याच्या पाठीवरचा विटकरी रंग पाहून मी ओळखलं. अण्णांनी तर माझ्याही आधी ओळखलं होतं. काचेआड त्यांचे ओठ हलले. आवाज ऐकू आला नाही, पण शब्द कळला.

इचलकरंजीत आमच्या घराच्या गच्चीवर पूर्वी कबुतरांची ढाबळ होती. अण्णा दिवसभर मागावर काम करत आणि सुट्टी झाली की हातपाय धुवायच्या आधी गच्चीवर जात. चाळीसेक कबुतरं होती. मला त्यांची फार आवड होती असं नाही. गच्चीवर वाळवण घालता यायचं नाही म्हणून आई चिडायची, आणि मी आईच्या बाजूची. आई गेली, अण्णा निवृत्त झाले, आणि मग दिवसाचा बहुतेक वेळ ते वरच असायचे. खोकला सुरू झाला तेव्हा आम्हाला वाटलं, माग चालवणाऱ्याला खोकला असायचाच. पण मिरजेच्या छातीच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून सांगितलं की फुप्फुसं आतून निबर होत चालली आहेत. कापसाची धूळ असेलच, पण कबुतरांची विष्ठा आणि पिसांचा भुगा यांनी जास्त घात केला आहे. पक्षी आजच्या आज घरातून काढा. जे निबर झालं ते परत मऊ होणार नाही, पुढचं थोडं लांबवता येईल एवढंच.

अण्णांनी वाद घातला नाही. सांगोल्याचे नूरमहंमद बागवान त्यांचे जुने मित्र, त्यांनाही कबुतरांचा नाद. ते टेम्पो घेऊन आले आणि सगळी पाखरं घेऊन गेले. जवळ कुठं दिली असती तर संध्याकाळपर्यंत परत आली असती, म्हणून इतक्या लांब. माझा भाऊ सुधाकर पिंपरीहून येऊन ढाबळ मोडून गेला. गेरू त्या कबुतरांतली एक मादी. बागवानांकडे तिचे पंख बांधून ठेवले होते, म्हणजे तिनं नवं घर आपलं मानावं. मानलं नसणार. कधीतरी पंख सोडले असतील, आणि ती निघाली असेल.

मी तिला टॉवेलमध्ये गुंडाळून उचललं. हातात काहीच वजन लागेना. छातीचं हाड बोटाला धारेसारखं लागत होतं. मी तिला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, रिकाम्या पडलेल्या जळणाच्या खोलीत नेलं आणि खोक्यात जुनी चादर अंथरून ठेवलं. मग हात साबणानं धुतले, साडी बदलली आणि अण्णांच्या खोलीत गेले.

"गेरू हाय," ते म्हणाले.

"आजारी आहे, अण्णा."

"हाय." एवढं बोलून ते थांबले. दोन-तीन शब्दांनंतर त्यांना थांबावं लागे, आणि समोरच्यानं मध्ये बोललेलं त्यांना आवडत नसे. "तोंड उघडं ठेवतीया का?"

"हो."

"वास?"

मी नाक जवळ नेलं नव्हतं. पण टॉवेलला आंबूस वास येत होता, तो मी सांगितला. अण्णा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "जनावरांच्या दवाखान्यात न्हे. न्हेण्याआधी ऊब दे. गार पाखराला काय बी देऊ नगंस. दाणा न्हाई, औषध न्हाई. आधी ऊब."

गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून मी खोक्याच्या एका बाजूला ठेवली, फार गरम झालं तर तिला दुसऱ्या बाजूला सरकता यावं म्हणून. हेही अण्णांनीच सांगितलं.

दवाखान्यात डॉक्टर हेरवाडे होते. बाहेर एक म्हैस आणि दोन शेळ्या थांबल्या होत्या. मी खोकं टेबलावर ठेवलं तसं ते हसले, पण चोच उघडून बॅटरीचा उजेड टाकल्यावर हसू गेलं. त्यांनी मलाही दाखवलं. घशात, जिभेच्या मागे, पिवळी दह्याच्या चोथ्यासारखी गाठ धरली होती. एक मोठी, बाजूला बारक्या.

ते म्हणाले, हा कबुतरांत नेहमी होणारा रोग आहे, लवकर कळला तर बरा होतो. हिचा लवकर कळलेला नाही. त्यांनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं, बराच वेळ वाचलं आणि मग मला वजन विचारलं. मला माहीत नव्हतं.

"औषध वजनावर द्यायचं असतं," ते म्हणाले. "म्हशीला दोन-चार थेंब जास्त गेले तर काही होत नाही. हिला होईल. वजन करून आणा."

त्यांच्याकडचा काटा म्हशींसाठी होता. मी कोपऱ्यावरच्या मगदुमांच्या किराणा दुकानात गेले. त्यांनी गेरूला कापडी पिशवीत घालून साखरेच्या काट्यावर ठेवलं, मग रिकामी पिशवी ठेवून वजा केलं. दुकानात दोन बायका होत्या, त्या हसत होत्या. मला हसू आलं नाही.

डॉक्टरांनी गोळी कुटून तिच्या छोट्या पुड्या बांधून दिल्या. रोज एक, चार थेंब पाण्यात कालवून. माणसाची गोळी अंदाजानं तोडून देऊ नका, बरं वाटत नाही म्हणून दोन पुड्या एकदम देऊ नका, आणि घशातली गाठ ओढून काढायला जाऊ नका, रक्त सुरू झालं तर थांबणार नाही. जाताना त्यांनी मला विचारलं, घरात आणखी कबुतरं आहेत का. मी म्हटलं, नाहीत, पण वडील आहेत, आणि त्यांच्या छातीचं सांगितलं. ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, मग पाखराला हात लावताना तोंडाला फडकं बांधा आणि त्या कपड्यांत त्यांच्याजवळ जाऊ नका. खरं तर हे पाखरू तुम्ही घरात ठेवूच नये.

मी तेच ठरवून घरी आले होते. अण्णांना सांगायचं की दवाखान्यात ठेवून घेतलं, आणि खोकं त्यांच्या नकळत कुठंतरी हलवायचं. पण ते खिडकीशी बसलेले होते, आणि मी अंगणात पाऊल टाकल्याबरोबर त्यांनी आधी खोक्याकडे पाहिलं. मग नुसती मान हलवली, जळणाच्या खोलीच्या दिशेनं.

औषध कसं द्यायचं ते त्यांनी आधी खोलीत सांगितलं आणि नंतर काचेतून करून दाखवलं. मी धुण्याच्या दगडावर बसले, त्यांना दिसेन अशी. गेरूला टॉवेलात धरून मांडीवर घेतलं. डॉक्टरांनी दिलेला ड्रॉपर उकळून घेतला होता. अण्णांनी काचेआड हनुवटी किंचित वर केली, फार नाही, म्हणजे तिची मान मागे मोडू नकोस. मग स्वतःचं तोंड उघडून जिभेच्या मुळाशी बोट ठेवलं आणि ते बोट नाही-नाही असं हलवलं. ते खोलीत बोलले होते त्याची ही खूण होती: कबुतराच्या जिभेमागं श्वासाचं भोक असतं, ते उघडतं-मिटतं, त्यात एक थेंब गेला तर पाखरू आपल्या हातून बुडून मरतं. म्हणून चोचीच्या कडेला एक थेंब टेकवायचा आणि थांबायचं. तिनं गिळला की दुसरा. गिळत नसेल तर थेंब द्यायचा नाही, कितीही वाटलं तरी.

मी थेंब टेकवला. तिनं चोच हलवली, गळ्याची कातडी वरखाली झाली. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी हात वर केला, थांब म्हणून, आणि मग खाली आणला. मी दुसरा थेंब दिला. चार थेंबांना जेवढा वेळ लागला तेवढ्या वेळात एरवी माझा चारजणांचा स्वयंपाक झाला असता. शेवटचा थेंब गेला तेव्हा मी पाहिलं, अण्णांच्या कपाळावर घाम आला होता.

शेजारच्या सुमनकाकूंनी कुंपणावरून नातवाच्या उरलेल्या कॅप्सूल देऊ केल्या, अर्धी फोडून घाल म्हणाल्या, माझा नातू दोन दिवसांत उठून बसला. मी त्या घेतल्या आणि आत नेऊन फेकून दिल्या. हे असं व्हायचं. प्रत्येकाकडे काहीतरी होतं. अण्णांच्या खोकल्यावरही प्रत्येकाकडे काहीतरी असायचंच.

पाण्यासाठी वाटी धरली की गेरू पहिले दोन दिवस स्वतः चोच बुडवून प्यायली. कबुतरं पाणी ओढून पितात, घोट घेत नाहीत, हे मला घरात चाळीस कबुतरं असताना माहीत नव्हतं. एकदा तिनं भिजवलेल्या डाळीचे चार दाणे उचलले. तीन पडले, एक गेला. मी धावत खिडकीशी गेले आणि एक बोट वर करून दाखवलं. अण्णा हसले. त्या थंडीत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

मी त्या वेळी माहेरीच राहत होते. हुपरीचं सासर सोडून आले त्याला दीड-दोन वर्षं झाली होती. मी आले तो दिवस अजून आठवतो. हातात एक पेटी होती आणि गालावर काय होतं ते मला आरशात बघायचं नव्हतं. अण्णा दारातच होते. त्यांनी काही विचारलं नाही. पाण्याचा तांब्या आणून दिला, पेटी आत नेऊन ठेवली आणि गच्चीवर गेले. पुढेही कधी विचारलं नाही. सुधाकरनं विचारलं, मामांनी विचारलं, मी नोकरीला होते त्या शाळेतल्या बायकांनी विचारलं. मला कधी कधी वाटायचं, अण्णांना माझ्यापेक्षा कबुतरांचं जास्त आहे, म्हणून विचारत नाहीत. कबुतरं गेली तेव्हा मला मनातून जरा बरंच वाटलं होतं.

मग गेरूनं पाणी पिणं सोडलं.

मी शाळेला अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले, तर ती खोक्याच्या कोपऱ्यात तोंड उघडं टाकून बसली होती. प्रत्येक श्वासाला शेपूट हलत होतं. मी तिला उन्हात आणलं, चोचीत पाहिलं. गाठ वाढली होती. इतकी समोर होती की चिमट्यानं धरून ओढली असती तर निघाली असती असं वाटलं. मी चिमटा आणलाही. धुण्याच्या दगडावर बसून मी तो चोचीजवळ नेला आणि काच वाजायला लागली. टकटक नाही, अख्खा तळहात आपटत होते अण्णा. मी चिमटा खाली ठेवला. त्या दिवशीची पुडी मी कालवली, एक थेंब चोचीच्या कडेला टेकवला आणि थांबले. तिनं गिळला नाही. थेंब चोचीवरून घरंगळून टॉवेलात गेला. मी पुन्हा खिडकीकडे पाहिलं. अण्णांनी मान हलवली, नको.

दवाखान्यात गेले तर डॉक्टर हेरवाडे गावात नव्हते, कुठंतरी खेड्यात लसी टोचायला गेले होते. तिथला कंपाउंडर म्हणाला, उद्या या. मी खोकं घेऊन तशीच परत आले.

दुपार कलली होती. अंगणात ऊन फक्त अण्णांच्या खिडकीखालच्या भिंतीला उरलं होतं. थंडीचे दिवस, बाकी सगळीकडे सावली. मी तोंडाला फडकं बांधून, भिंतीला पाठ लावून तिथंच बसले आणि गेरूला दोन्ही हातांत धरलं. खिडकी बंद होती, मी आधी पाहून घेतलं होतं. तिचा श्वास आता मोठा आवाज करत होता, शिट्टीसारखा. आत खोलीत अण्णांचा श्वासही तसाच वाजायचा. दोन्ही आवाज मला ऐकू येत होते की मला तसं वाटत होतं, सांगता येणार नाही. हातात औषध होतं, ते देता येत नव्हतं. पाणी होतं, तेही देता येत नव्हतं. ऊन तेवढं होतं, आणि तेही सरकत होतं.

माझ्या डोक्यावर कडी निघाल्याचा आवाज झाला.

"अण्णा, लावा ती खिडकी," मी म्हटलं.

खिडकी उघडली. गजांमधून त्यांचा हात बाहेर आला.

"अण्णा, ऐका माझं. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

मला उठून खिडकी लावायची होती. पण दोन्ही हातांत ती होती, आणि तिला खाली ठेवलं असतं तर तिचं काय झालं असतं ते मला दिसत होतं. ना इकडचं करता येत होतं ना तिकडचं. अण्णांचा हात खाली येत राहिला, पुरला नाही. मग मीच गुडघ्यांवर उठले आणि तिला वर धरलं. आजवर कुणी मला विचारलं नाही की मी असं का केलं.

अण्णांनी एका बोटानं तिच्या डोक्यावरून पाठीपर्यंत हात फिरवला. पुन्हा फिरवला. तिनं डोळे मिटले. मग त्यांनी घशातून एक आवाज काढला, खोल, घुमणारा, ढाबळीचं दार उघडताना ते काढायचे तो. मला वाटलं नव्हतं की त्यांच्याकडे तेवढा श्वास असेल. गेरूनं पंख एकदा ताणले, माझ्या हातांना तिचा जोर जाणवला, आणि मग तो सगळा जोर निघून गेला.

मग अण्णांनी हात आत घेतला आणि खोकत राहिले. मी तिला खोक्यात ठेवलं, हात धुतले, साडी बदलली, आत जाऊन खिडकी लावली, त्यांना टेकवून बसवलं, पाणी दिलं. ते शांत व्हायला संध्याकाळ झाली.

"तुम्हाला कळलं होतं ना?" मी विचारलं. "ती जगणार नाही ते."

"व्हय."

"कधी?"

"पयल्या दिशी. वास सांगितलास तवा."

मला राग आला. इतके दिवस शाळेच्या रजा, खोक्याची राखण, थेंब-थेंब औषध, फेकलेल्या कॅप्सूल, सगळं एकदम वर आलं. "मग मला कशाला करायला लावलंत हे सगळं? ड्रॉपर उकळ, वजन कर, एक थेंब दे, थांब. कशाला?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. पण ते श्वास गोळा करत होते.

"सांगोल्यास्नं आली ती," ते म्हणाले. थांबले. "घसा असा घिऊन. एवढं उडून." पुन्हा थांबले. "घरी आल्याली. तिला काय सांगायचं, इलाज न्हाई तुझा, जा म्हणून?"

ते माझ्याकडे बघत होते. त्या घरात मी परत आले त्या दिवसानंतर त्यांनी माझ्याकडे असं सरळ बघितल्याचं मला आठवत नाही. नजर मीच आधी खाली घेतली.

दुसऱ्या दिवशी मी गेरूला परसातल्या शेवग्याखाली खोल पुरलं, खोकं आणि चादर जाळली, जळणाची खोली पाणी मारून धुतली. बागवानांना कळवलं. ते म्हणाले, ती महिन्यापूर्वीच उडाली होती. महिनाभर ती कुठं होती, वाटेत कुठं उतरली, कुणाच्या गच्चीवर पाणी प्यायली, ते कुणालाच कळायचं नव्हतं.

अण्णांना त्या आठवड्यात ताप आला. खिडकी उघडली म्हणून आला की यायचाच होता, हे मिरजेच्या डॉक्टरांनाही ठाम सांगता आलं नाही. तेवढ्यातून ते उठले, पण पूर्वीसारखे नाही. उन्हाळा सुरू झाला तसं त्यांना मिरजेच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथले डॉक्टर म्हणाले, आता इथं ठेवून आम्ही वेगळं काही करणार नाही, आणि माझ्याकडे बघून थांबले. लोक अशा वेळी काय म्हणतात ते ऐकायची त्यांना सवय असावी. मी त्यांच्याकडून गोळ्यांच्या वेळा समजून घेतल्या आणि अण्णांना घरी आणलं.

सुधाकरचा फोन रोज यायचा. त्याला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की तो हिशेबी बोलायचा. एकदा त्यानं मला विचारलं, "ताई, खरं सांग, या औषधांचा आता काही उपयोग आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग?"

मी आत पाहिलं. अण्णा जागे होते आणि दाराकडे बघत होते. मी सुधाकरला म्हटलं, नंतर बोलते, आणि फोन ठेवला. औषधाची वेळ झाली होती.